युद्धातली मित्रांची पत्रं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुन्या पत्रांचा नाद आहे हे कळल्यापासून लोक मला तेच तेच प्रश्न पाठवत असतात, कोणाला आजोबांचा गठ्ठा सापडलेला असतो, कोणाला शाळेच्या प्रोजेक्टसाठी हवं असतं, आणि दर वेळी मी तेच उत्तर पुन्हा टाइप करतो. म्हणून एकदाच सगळं इथे. बायकोनवऱ्याची, आईमुलाची पत्रं यावर बरंच लिहिलं गेलंय, माझा रस मित्रमैत्रिणींच्या पत्रांत आहे, आणि मित्र असणं आणि घरचं माणूस असणं यात युद्धात किती फरक पडायचा ते पुढे येईलच.

१. युद्ध पेटलं की टपाल बंदच पडत असेल ना?

उलट, एरवी कधी नव्हे एवढं वाढायचं. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सैन्याच्या टपालासाठी लंडनच्या रीजंट्स पार्कात सुमारे ५ एकरांची लाकडी शेड उभारली होती, कामाला बहुतेक बायका, आणि ऐन भरात आठवड्याला १ कोटी २० लाख पत्रं तिथून जायची. लंडनला टाकलेलं पत्र फ्रान्समधल्या खंदकात दोनेक दिवसांत मिळायचं, आज कुरियरवाले ऐकून खाली मान घालतील. जर्मन सैन्याच्या टपालाने त्याच युद्धात २८ अब्जांहून जास्त नग हाताळले. हे काही सरकारांच्या दयाळूपणामुळे नाही, पत्र न मिळालेला शिपाई मनाने खचतो हे सगळ्यांनाच कळून चुकलेलं. बंद व्हायचं ते शत्रूदेशाशी थेट टपाल, त्यासाठी प्रश्न ७ बघा.

२. पत्र पोचायला किती दिवस लागायचे?

दोन दिवस ते कधीच नाही, यामधलं काहीही. वरचं दोन दिवसांचं उदाहरण जवळच्या आघाडीचं. जून १९४० मध्ये इटली युद्धात उतरली आणि भूमध्य समुद्रातला रस्ता धोक्याचा झाला, मग इंग्लंडहून इजिप्तला जाणारी जहाजं अख्ख्या आफ्रिकेला वळसा घालून जायला लागली, म्हणजे पत्राला दोन-तीन महिने. जहाज बुडालं तर पत्रंही बुडाली.

यातून एक मजेशीर प्रकार व्हायचा तो म्हणजे उलटसुलट क्रम. मार्चचं पत्र जूनमध्ये आणि मेचं पत्र मेमध्येच, त्यामुळे "पाय आता बरा आहे" हे आधी कळायचं आणि पायाला झालं काय ते महिन्याभराने. म्हणून सराईत लोक पत्रांवर नंबर टाकायचे, १, २, ३ असे, म्हणजे मधलं गहाळ झालं की समोरच्याला लगेच कळतं. तुमच्या गठ्ठ्यात कोपऱ्यात बारीक आकडा दिसला तर तो हाच असण्याची शक्यता जास्त.

३. एअरग्राफ आणि व्ही-मेल म्हणजे काय? आमच्याकडे एक पत्र आहे ते इतकं बारीक आहे की भिंग लागतं

मग तुमच्या हातात बहुतेक पत्र नाहीये, पत्राचा फोटो आहे. विमानात जागा कमी, वजन महाग, म्हणून १९४१ मध्ये ब्रिटिश टपाल खात्याने कोडॅकच्या तंत्राने ही सोय काढली. तुम्ही ठरलेल्या फॉर्मवर लिहायचं, त्या फॉर्मचा १६ मिलिमीटर फिल्मवर फोटो काढायचा, फिल्म विमानाने जाणार आणि पोचल्यावर तिथे तळहाताएवढी प्रिंट काढून वाटणार. अमेरिकेने जून १९४२ मध्ये हेच व्ही-मेल नावाने सुरू केलं. त्यांचा हिशेब असा की दीड लाख पत्रांना ३७ पोती लागायची आणि वजन ११७० किलोच्या आसपास, तीच पत्रं फिल्मवर घेतली की एक पोतं आणि २० किलो.

तोटे होतेच. एकच पान, आत फुल नाही, कात्रण नाही, केसांची बट नाही. बारीक अक्षर काढणाऱ्यांची पत्रं छोटी झाल्यावर वाचताच यायची नाहीत. आणि लिपस्टिक लावून कागदावर ओठ टेकवणाऱ्या मुलींमुळे मशीनमध्ये रंग साचून गोंधळ व्हायचा, तिथल्या कर्मचाऱ्यांनी या प्रकाराला लाल रोगराई अशा अर्थाचं नाव ठेवलं होतं.

४. पत्रं उघडून वाचायचं कोण?

शिपायाचं पत्र बऱ्याचदा त्याचाच अधिकारी. म्हणजे सकाळी ज्याला सलाम ठोकला तोच संध्याकाळी तुमचं पत्र वाचणार, आता यात साहेबाबद्दल मनातलं लिहिणार कोण. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सैन्यात यावर उपाय म्हणून हिरवं पाकीट असायचं, ते मोजकंच मिळायचं, आत फक्त खाजगी मजकूर आहे अशी सही करायची, मग पलटणीत उघडत नसत. पण मागे तळावर उघडू शकत होते, तेव्हा पूर्ण सुटका नव्हतीच.

साध्या नागरिकांची परदेशी पत्रं वाचायला वेगळी खाती. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांनी बर्म्युडा बेटावर मोठं केंद्र थाटलं, एका आलिशान हॉटेलात, कारण अमेरिका आणि युरोपमधली विमानं आणि जहाजं तिथे थांबायची. अमेरिकेच्या सेन्सॉर खात्यात तर १४ हजारांवर माणसं होती. पाकिटाची कड कापून पुन्हा चिकटवलेली आणि वर छापील पट्टी दिसली, त्यावर तपासनीसाचा नंबर, तर ती सेन्सॉरची खूण. आतल्या ओळी शाईने काळ्या करायचे किंवा सरळ ब्लेडने कापून काढायचे. पाठपोट लिहिलेल्या पत्रात मागची निरपराध ओळही जायची.

५. नक्की काय लिहायला बंदी होती?

आपण कुठे आहोत, कुठे निघालोय, पलटण कोणती, जहाजाचं नाव, नुकसान किती झालं, हे तर उघडच. त्यात हवामानही आलं, कारण त्यावरून जागा आणि विमानांच्या हालचाली कळतात. पण अमेरिकन सेन्सॉर याच्याही पुढे गेला. टपालाने बुद्धिबळ खेळणारे मित्र असतात ना, एका पत्रात एक चाल, तर परदेशी मित्राशी असा डाव बंद, कारण घरांचे आकडे म्हणजे सांकेतिक निरोप असू शकतो. शब्दकोडी, लहान मुलांची चित्रं, विणकामाच्या सूचना, सगळ्यावर संशय. दोन उलटे एक सुलटा यात खरंच निरोप लपवता येतो, तेव्हा हसू नका.

६. मग उरतं काय लिहायला? आमच्या पत्रांत नुसतं "मी बरा आहे, तू कसा आहेस" एवढंच आहे, फारच बोअर

ही तक्रार सगळ्यात जास्त येते आणि मला दर वेळी थोडा राग येतो. आपल्याकडे "इकडील सर्व क्षेम, तिकडील क्षेम कळवावे" हे आपण सवयीने लिहायचो, न वाचता पुढे जायचो. युद्धात तेवढीच ओळ म्हणजे पूर्ण पत्र, ती लिहिली गेली त्या दिवशी लिहिणारा जिवंत होता.

ब्रिटिश शिपायांना मिळणारं छापील फील्ड कार्ड बघा. वाक्यं आधीच छापलेली, नको ती खोडायची: मी ठीक आहे, मी दवाखान्यात आहे, तुझं पत्र मिळालं, सविस्तर नंतर लिहितो. वरून सूचना की सही आणि तारखेशिवाय एक अक्षर जास्त लिहिलं तर कार्ड नष्ट करू. आणि तळाशी काय, तर "तुझ्याकडून पत्र नाही" याच्यापुढे दोन पर्याय, एक "अलीकडे" आणि दुसरा "बऱ्याच दिवसांत". म्हणजे मित्रावर रुसायचीही सरकारी सोय, कमी रुसवा की जास्त तेवढं ठरवायचं. मला हे कार्ड कुठल्याही चार पानी पत्रापेक्षा आवडतं.

१९४० मध्ये फ्रान्सचे दोन तुकडे झाले तेव्हा दोन भागांमध्ये असंच कार्ड होतं, १३ ओळींचं, त्यात आजारी, जखमी, कैदेत, मारला गेला असे शब्द छापलेले आणि मध्ये नावासाठी रिकामी जागा. ते फक्त कौटुंबिक निरोपासाठी होतं. मित्रांनी काय करायचं याला कार्डावर ओळ नव्हती.

७. मित्र शत्रूदेशात अडकला असेल तर पत्र कसं पाठवायचं?

तटस्थ देशातून. स्वित्झर्लंड, स्वीडन, पोर्तुगाल, पहिल्या युद्धात नेदरलँड्सही. दुसऱ्या महायुद्धात थॉमस कुक या प्रवासी कंपनीने ब्रिटनमध्ये परवानगीने अशी सेवा चालवली. सुरुवातीला ॲमस्टरडॅममार्गे, मे १९४० मध्ये नेदरलँड्स पडल्यावर लिस्बनची पोस्ट पेटी ५०६. पत्राचं पाकीट उघडं ठेवून ते दुसऱ्या पाकिटात घालायचं, सोबत २ शिलिंगची पोस्टल ऑर्डर आणि आपला पत्ता वेगळ्या चिठ्ठीवर. पत्रात मात्र आपला पत्ता नाही, ते ब्रिटनहून आलंय असं दाखवणारं काहीच नाही. उत्तर मित्राने लिस्बनच्या पेटीवर पाठवायचं. म्हणजे तुम्ही मँचेस्टरमध्ये बसून लिस्बनमध्ये असल्याचं सोंग करायचं आणि मित्रालाही ते माहीत असायचं.

दुसरा मार्ग म्हणजे दोघांपैकी एकानेच तटस्थ जागी असणं. फ्रेंच लेखक रोमां रोलां पहिल्या महायुद्धात स्वित्झर्लंडमध्ये होता, जिनिव्हाच्या युद्धकैदी केंद्रात काही काळ स्वयंसेवक म्हणून कामही केलं, त्यामुळे व्हिएन्नातल्या ऑस्ट्रियन लेखक श्टेफान त्स्वाइगशी त्याची पत्रं चालू राहिली, दोघांचे देश एकमेकांवर तोफा डागत असताना.

तिसरा, मधला मित्र. बर्लिनमधल्या आइन्स्टाइनचं सापेक्षतेवरचं काम इंग्लंडला थेट पोचणं शक्य नव्हतं. नेदरलँड्समधल्या लायडनचा खगोलशास्त्रज्ञ डी सिटर, त्याने ते १९१६ मध्ये इंग्रज खगोलशास्त्रज्ञ एडिंग्टनला पाठवलं, आणि सापेक्षता पडताळणारं १९१९ च्या सूर्यग्रहणाचं जे प्रसिद्ध निरीक्षण झालं त्याच्या मुळाशी ही टपालाची कडी आहे. एक डचमन तटस्थ देशात होता एवढंच भाग्य.

८. रेडक्रॉसचा २५ शब्दांचा निरोप काय प्रकार होता?

दुसऱ्या महायुद्धातला छापील फॉर्म. फक्त खाजगी खुशाली, २५ शब्दांच्या आत, तो जिनिव्हामार्गे जायचा, आणि उत्तर त्याच कागदाच्या मागच्या बाजूला, तेही २५ शब्दांत. असे सुमारे २ कोटी ४० लाख निरोप त्या युद्धात गेले. जर्मनांनी १९४० ते १९४५ ताब्यात ठेवलेल्या चॅनल बेटांवरच्या लोकांना तर ब्रिटनशी बोलायला जवळपास हाच एक धागा. जाऊन यायला महिनोन् महिने.

२५ शब्द म्हणजे किती ते कळावं म्हणून मी एकदा करून बघितलं, कॉलेजच्या मित्राला लिहितोय असं समजून: तुझा निरोप मिळाला. आम्ही सगळे बरे. आई थकलीय पण चालते फिरते. पुस्तकं जपून ठेवलीत. धाकटीचं लग्न झालं. तू जेवतोस ना नीट? उत्तर नक्की पाठव. वाट बघतोय.

मोजले तर २६ भरले. मग "नक्की" काढला. काढताना जे वाटलं ते इथे लिहीत बसत नाही, तुम्हीच एकदा करून बघा.

९. पत्रांत सांकेतिक भाषा असायची का? आमच्या पत्रात एका बाईचं नाव पुन्हा पुन्हा येतं, ते कोड असेल का?

बहुतेक ती खरंच बाई आहे. याचा सगळ्यात भारी किस्सा १९४० चा. जर्मनीने डेन्मार्क घेतल्यावर शास्त्रज्ञ लीझ माइटनरने स्वीडनहून इंग्लंडला तार केली की डॅनिश शास्त्रज्ञ नील्स बोर आणि त्याची बायको बरे आहेत पण घडामोडींमुळे दुःखी, हे इंग्रज शास्त्रज्ञ कॉकक्रॉफ्ट आणि "मॉड रे केंट" यांना कळवा. इंग्रजांनी डोकं लावलं, मॉड रे केंट म्हणजे अक्षरांची उलटापालट, रेडियमबद्दल काहीतरी. अणुबाँबवरच्या त्यांच्या समितीचं नाव त्यावरून मॉड पडलं. नंतर कळलं की मॉड रे ही बोरच्या घरची जुनी गव्हर्नेस, केंट परगण्यात राहायची, नुसती खुशाली कळवायची होती.

खरे कोडही होतेच. पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये लढणाऱ्या हिंदी शिपायांची पत्रं सेन्सॉर व्हायची, त्यात काळी मिरी संपत आली, आता लाल मिरची वापरतात अशी वाक्यं असायची. काळी म्हणजे आपले शिपाई, लाल म्हणजे गोरे. सेन्सॉरला ते कळायचं, लिहिणाऱ्यालाही बहुधा माहीत होतं की त्याला कळतंय.

आणि बाहुल्यांची गोष्ट. न्यूयॉर्कची एक बाहुल्यांची दुकानदारीण ब्वेनोस आइरेसला बाहुल्यांच्या दुरुस्तीबद्दल पत्रं लिहायची, बाहुल्या म्हणजे युद्धनौका. पाठवणाऱ्याच्या जागी ती आपल्या गिऱ्हाइकांची नावं टाकायची. तिकडचा पत्ता सापडेना म्हणून पत्रं परत आली, ती त्या बिचाऱ्या गिऱ्हाइकांकडे, त्यांना पत्ताच नाही की आपण हे कधी लिहिलं. १९४४ मध्ये तिला १० वर्षांची शिक्षा झाली. एवढी हुशारी केली आणि टपालाच्या साध्या परतीच्या नियमाने घात केला.

१०. मित्र युद्धकैदी झाला तर पत्रं चालू राहायची का?

कागदावर हो. १९२९ च्या जिनिव्हा करारानुसार कैद्यांची पत्रं बिनतिकिटाची. पण जर्मनीच्या छावण्यांत साध्या शिपायाला साधारण महिन्याला २ पत्रं आणि ४ कार्डं लिहायला मिळायची. आता हिशेब करा, आई, बायको, भाऊ, सासरचे. मित्राच्या वाट्याला वर्षातून एखादं कार्ड आलं तरी खूप. म्हणून मैत्रीचा असा गठ्ठा पातळ असला तर मित्र विसरला असं समजू नका, तो रांगेत शेवटी उभा होता. पुढे १९४९ च्या करारात हीच संख्या, २ पत्रं ४ कार्डं, किमान म्हणून पक्की झाली. जपानच्या ताब्यातल्या कैद्यांचे फार हाल होते, त्यांना पाठवायच्या पत्रांवर नंतर २५ शब्दांचीच मर्यादा आली आणि कित्येकांना पहिलं पत्र मिळायलाच वर्ष उलटून गेलं.

११. एका तारखेनंतर पत्रं एकदम थांबली आहेत. म्हणजे तो गेला का?

घाई करू नका. बदली, जहाज, आजारपण, किंवा नुसता ढिगारा. १९४५ च्या सुरुवातीला इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमला अमेरिकन सैन्याच्या टपालाचे सुमारे १ कोटी ७० लाख नग पडून होते, गोदामं खचाखच भरलेली. ते काम कृष्णवर्णीय महिलांच्या ६८८८ व्या टपाल बटालियनला दिलं, मुदत सहा महिन्यांची, त्यांनी तीन पाळ्या लावून तीन महिन्यांत उरकलं. नुसत्या रॉबर्ट स्मिथ नावाचे ७५०० जण निघाले, प्रत्येकाचं कार्ड काढून लष्करी नंबरावरून ओळखायचं. तेव्हा एखाद्या मित्राने "तू उत्तरच देत नाहीस" म्हणून मैत्री तोडली असेल आणि उत्तर बर्मिंगहॅमच्या पोत्यात पडलेलं असेल.

पण तो खरंच गेला असेल तर मित्राला कळायचं कसं, हा मला या सगळ्यातला सगळ्यात कठीण भाग वाटतो. सरकारची तार जवळच्या नातेवाइकाला जायची. मित्र कुठल्याच यादीत नाही. त्याला कळायचं ते आपणच लिहिलेलं पत्र परत आल्यावर, न उघडलेलं, पाकिटावर शिक्का किंवा पेन्सिलीने दोन शब्द. तुमच्या गठ्ठ्यात आजोबांच्याच अक्षरातलं, आजोबांनीच पाठवलेलं बंद पाकीट असेल तर ते उघडायच्या आधी विचार करा. मी तरी उघडणार नाही.

१२. पत्त्यात गावच नाहीये, नुसते आकडे आहेत. कुठून आलं ते कसं शोधायचं?

ते मुद्दामच. जर्मन फेल्डपोस्टला, म्हणजे सैन्याच्या टपालाला, पाच आकडी नंबर, अमेरिकनांना एपीओ म्हणजे लष्करी पोस्ट ऑफिसचा नंबर, बाकीच्यांचेही तसेच, म्हणजे पत्र पकडलं गेलं तरी तुकडी कुठे आहे ते कळू नये. या नंबरांच्या याद्या युद्धानंतर छापल्या गेल्या आहेत, संग्राहकांकडे मिळतात, पण एकच नंबर वेगवेगळ्या वर्षी वेगळ्या ठिकाणी असू शकतो, म्हणून पत्राची तारीख आधी पक्की करा. पाकीटच नसेल आणि कागद त्रिकोणी घडीचा असेल, तर ते दुसऱ्या महायुद्धातलं सोव्हिएत पत्र असू शकतं, पाकिटांचा तुटवडा म्हणून कागदाचीच घडी घालून बाहेरच्या बाजूला पत्ता लिहायचे.

१३. गठ्ठा जपायचा कसा?

सेलोटेप नाही, लॅमिनेशन तर अजिबात नाही, स्टेपल काढा, घड्या हळूच उलगडा, ॲसिड नसलेल्या फोल्डरमध्ये सपाट ठेवा, उन्हापासून लांब. क्रम तोडू नका, आधी आहे तसाच फोटो काढा. आणि पाकीट फेकू नका. लहानपणी मी तिकिटं जमवायचो, पाकिटाचा कोपरा कापून वाटीतल्या पाण्यात टाकायचो, तिकीट सुटलं की बाकी सगळं कचऱ्यात. सेन्सॉरच्या पट्ट्या, तारखेचे शिक्के, परतीचे पत्ते, सगळं. त्यातलं एक वर काळ्या पट्टीचं होतं एवढं अजून आठवतं.

१४. ही पत्रं छापली तर चालेल का? पत्रं तर आमच्याच घरी आली होती

कागद तुमचा, मजकूर लिहिणाऱ्याचा. बऱ्याच देशांत लेखनाचा हक्क लिहिणाऱ्याच्या मृत्यूनंतर ७० वर्षं त्याच्या वारसांकडे असतो, देशागणिक मुदत बदलते. मित्राच्या नातवंडांना शोधून विचारा. बऱ्याचदा त्यांच्याकडे उरलेला अर्धा गठ्ठा निघतो.

१५. आजच्या युद्धांत असं काही उरलंय का, सगळं फोनवरच नाही का?

टॉवर पडला की फोनचं खोकं होतं. रेडक्रॉसचे निरोप अजून चालतात, उघड्या कागदावर, फक्त खाजगी बातमी, राजकारण आणि लष्करी माहिती नाही. १९४९ च्या चौथ्या जिनिव्हा करारात तर लिहूनच ठेवलंय की पत्रांवर बंधनं घालायचीच असली तरी नागरिकांना महिन्याला एक फॉर्म आणि त्यात स्वतःच्या मनाचे २५ शब्द मिळालेच पाहिजेत. मात्र शब्द परत तोच, कौटुंबिक.

१६. वेढ्यात अडकलेल्या शहरात पत्र जाऊच शकत नसेल ना? आणि सगळ्यात उशिरा पोचलेलं पत्र कोणतं?

दोन्ही प्रश्नांना एकच गोष्ट पुरते. १८७०-७१ मध्ये प्रशियाच्या सैन्याने पॅरिसला वेढा घातला तेव्हा पत्रं फुग्यांतून बाहेर पाठवली, ६० हून जास्त फुगे, सुमारे २५ लाख पत्रं, एका पत्राचं वजन ४ ग्रॅमच्या आत. एक फुगा वाऱ्याने भरकटत थेट नॉर्वेत उतरला. पण फुगा परत आत आणता येत नाही, म्हणून आत येणारे निरोप कबुतरांच्या शेपटीला बांधलेल्या बारीक फिल्मवर, पोचल्यावर पडद्यावर मोठे करून कारकून उतरवून घ्यायचे. एअरग्राफच्या सत्तर वर्षं आधी.

तेही पुरेना म्हणून जस्ताचे पोकळ गोळे केले, प्रत्येकात शेकडो पत्रं भरली, आणि शहराच्या वरच्या अंगाला सीन नदीत सोडले, पॅरिसमध्ये जाळी लावून पकडायचं ठरलं होतं. वेढा उठेपर्यंत एकही गोळा हाती लागला नाही. नंतर मात्र गाळातून एकेक निघत राहिले, एक १९६८ मध्ये, पॅरिसच्या बराच पुढे, नदीच्या मुखाकडे. तिकिटं लावलेली होती, आणि पत्ता पॅरिसचाच होता.